गौरीच्या झोपाळ्याचा लोड

झोपाळा एक वीत उंचीचा आहे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना प्रत्येकजण मला मध्येच थांबवून विचारतो, "पण झोपाळा केवढा हो तुमचा?" मी हाताची वीत करून दाखवली की तो माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे बघतो, आणि बदलापुरात पाणी किती वाजता येतं हा विषय काढतो. तीन महिने आणि तीन मोटरी खर्ची घातलेल्या माणसाला हे लागतं. पण आता मी कोणाला काही समजावत बसत नाही. दमलो.

तर वीतभर पितळी झोपाळा, आणि त्यात अंगठ्याएवढी अन्नपूर्णा. चैत्र लागला की आमची माई तिला देव्हाऱ्यातून काढून झोपाळ्यात बसवते. महिनाभर ती गौर, माहेरपणाला आलेली. त्यात एक दिवस हळदीकुंकू. बायका येतात, पन्हं पितात, कैरीची डाळ खातात, ओटीत भिजवलेले हरभरे घेतात आणि दारात उभ्या राहून अर्धा तास निरोप घेतात. हे सगळं आटपेपर्यंत माई शेजारी पाटावर बसून दोरी ओढत असते. झोका थांबू द्यायचा नाही, हा तिचा नेम. चाळीस वर्षं थांबलेला नव्हता.

त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव साल लागायच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर माई मोरीत घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं वाळल्या शेंगांसारखी झाली होती. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. रोज शंभर वेळा दाबा म्हणाले, नाहीतर हात असाच राहील.

"मी काय चेंडू खेळायच्या वयाची आहे?" माई म्हणाली, आणि चेंडू कपाटात गेला. आम्ही विनवण्या केल्या, मी रागावलो, नीलिमाने म्हणजे माझ्या बायकोने रडून पाहिलं. माई ढिम्म. "माझ्या हाताचं मी बघेन. आता वापरून वापरून झालाय तो."

संक्रांतीला तिने तिळगुळाचा डबा नीलिमाच्या हातात दिला. डाव्या हाताने तिळगूळ कसा द्यायचा? आणि त्याच दमात म्हणाली, "यंदा झोपाळा माळ्यावरच राहू दे. डाव्या हाताने काही मी देवीला झोका देणार नाही. गौर बसेल देव्हाऱ्यातच. हळदीकुंकू नाही करायचं."

"अहो माई, मी देईन ना झोका," नीलिमा म्हणाली.

"तू बायकांचं बघशील की झोका देशील? नको. झालं तेवढं पुष्कळ झालं."

हे "झालं तेवढं पुष्कळ झालं" तिने ज्या आवाजात म्हटलं, तो मला ऐकवला नाही. ती हळदीकुंकवाबद्दल बोलत नव्हती. म्हणून मी, वरच्या मजल्यावरचे विष्णुपंत तिळगूळ चघळत समोर बसलेले असताना, मोठ्यांदा म्हणालो, "गौर झोपाळ्यातच बसेल. झोका मोटर देईल. मी बसवतो मोटर."

विष्णुपंत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. वायर हा शब्द कुठेही निघाला की ते जिन्यावरून खाली येतात. आता तर खालीच होते.

"शरदराव, गाडीच्या वायपरची मोटर आणा. पुढे-मागे, पुढे-मागे. काम फत्ते."

"नाहीतर आपला टेबलफॅन आहे की," नीलिमा म्हणाली. "तो मान फिरवतोच. त्याच्या मानेला दोरी बांधा."

आज मागे वळून पाहताना या दोन्ही सूचना बऱ्या होत्या असं मी मान्य करतो. पण त्या वेळी मी काय मानतो! आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात तेव्हाच एक नवीन पॅकिंग मशीन आलं होतं, आणि त्यातल्या स्टेपर मोटरबद्दल कंपनीच्या इंजिनियरने आम्हाला अर्धा तास भाषण दिलं होतं. ही मोटर इतरांसारखी भिरभिरत नाही. पाऊल पाऊल फिरते. सांगाल तितकीच फिरते, सांगाल तिथे थांबते. मी डिस्पॅच खात्यातला ऑफिसर. सांगेन तितकंच करणारं कोणी मला उभ्या आयुष्यात भेटलेलं नव्हतं, घरात नाही आणि कारखान्यात तर नाहीच. मी त्या मोटरीवर भाळलो.

उल्हासनगरला टेकचंदचं दुकान आहे. जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, टेपरेकॉर्डर यांची आतडी त्याच्याकडे गोणपाटावर मांडलेली असतात. मी ऐटीत स्टेपर मोटर मागितली. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"साईं, लोड कितना है?"

"लोड म्हणजे… झोपाळा आहे. छोटा."

"छोटा-बडा नहीं चलता. कितने ग्राम का खिंचाव? मोटर लोड देख के, और ड्रायव्हर मोटर देख के. शादी के माफिक है. जोडी नहीं जमी तो दोनों जलेंगे."

मला वाटलं, नवीन गिऱ्हाईक बघून भाव खातोय. मी सगळ्यात लहान, चार वायरींची मोटर उचलली आणि घरी आलो. रेडिओला बॅटरीऐवजी लावायच्या एलिमिनेटरला जोडली. मोटरीने टक् करून एक पाऊल टाकलं आणि बसली. वायरी उलट केल्या. परत टक्. पुन्हा बसली.

"सांगाल तितकीच फिरते म्हणाला होतात," नीलिमा म्हणाली. "तुम्ही काय सांगितलंत तिला?"

दुसऱ्या दिवशी आमच्या मेन्टेनन्सच्या भगवानला विचारलं. भगवान म्हणजे तारेवरच्या कावळ्यालाही शॉक कसा बसत नाही ते समजावून सांगणारा माणूस. तो म्हणाला, "साहेब, तिच्या आत वेगवेगळी वेटोळी असतात. एकेका वेटोळ्याला आळीपाळीने करंट द्यावा लागतो, म्हणजे ती पाऊल टाकते. ते देणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हर. मी बनवतो. पण तुमच्या आईंचा हात किती जोर लावत होता, ते मोजून आणा. मोटर तेवढ्या ताकदीची पाहिजे."

"कसं मोजू?"

"हुकाचा काटा घ्या, रद्दीवाल्याचा असतो तसला. दोरी काट्याला बांधा, झोपाळा हाताने पक्का धरा, नाहीतर काटा स्थिर राहायचा नाही. आईंना ओढू द्या. आकडा लिहून घ्या. आणि एकदा मोजून भागत नाही बरं का. रोज मोजा."

या सल्ल्यात मला काहीच खोट दिसली नाही. चाळीस वर्षं माईच्या हाताने झोका दिला, तर मोटर माईच्या हाताच्या बरोबरीची हवी, यात चूक काय? आजही मला ते अर्धंमुर्धं पटतं.

संध्याकाळी मी माळ्यावरून झोपाळा काढला, वही उघडली, आणि माईला पाटावर बसवलं. तिने डावा हात पुढे केला.

"उजवा," मी म्हणालो.

"उजव्यात काय राहिलंय?"

"माई, मला उजव्याचं माप हवंय. डाव्याचं घेऊन काय करू? मशीनचं काम आहे हे, अंदाजपंचे चालत नाही."

"तुझं काम अडलंय का खरंच?"

"अडलंय."

मुलाचं काम अडलंय म्हटल्यावर तिने उजवा हात काढला. दोन बोटांत दोरी धरली, ओठ घट्ट मिटले आणि ओढली. काटा जेमतेम हलला. पन्नास ग्रॅम. मी लिहून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी बिनडोकपणे "अजून एकदा" म्हणालो. तिने ओढली. मग रोज हेच. मी कामावरून आलो की चहा, आणि चहानंतर माप. दहा वेळा ओढायचं, दहा आकडे.

पंधरवड्यात भगवानने पहिला ड्रायव्हर आणून दिला, चार ट्रान्झिस्टर आणि एक टायमरची चिप. मोटर जोडली. ती जागच्या जागी थंडी वाजल्यासारखी कापायला लागली. खालून विष्णुपंत आले, वरून कोणी आलं नाही एवढंच. चुकलो, विष्णुपंतच वरून आले. त्या काळात मला वर-खाली कळेनासं झालं होतं. ते म्हणाले, "शरदराव, गौर या मोटरीवर बसवलीत तर बायकांना वाटेल अंगात आलं."

भगवानने वायरी मोजल्या आणि कपाळाला हात लावला. "साहेब, ही चार वायरींची. माझं सर्किट सहा वायरींच्या मोटरीचं आहे. यांचं जमायचं नाही."

परत टेकचंद. त्याने चार वायरींची ठेवून घेतली आणि सहा वायरींची दिली. ही मात्र फिरली. खरंच सांगतो, पाऊल पाऊल फिरली. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. भगवानने काटा लावला. दीडशे ग्रॅम ओढत होती. मी आनंदाने वही उघडली, आणि माझा चेहरा उतरला. माईचा त्या दिवशीचा आकडा तीनशे होता.

"मग पहिल्यांदा चुकीचा मोजलात तुम्ही," भगवान म्हणाला.

मी चूक करणारा माणूस नाही. बारा वर्षं डिस्पॅचमध्ये एक खोका कमी-जास्त झालेला नाही. पण वही समोर होती. पन्नास, सत्तर, एकशेदहा, दीडशे, तीनशे. मला वाटलं, काटा आता कुठे नीट बसतोय. थोडक्यात, मोटर मोठी हवी.

टेकचंदने तिसऱ्या खेपेला मला बघून चहा मागवला. "साईं, हर हफ्ते लोड बढता है? आपकी देवी का वजन बढ रहा है क्या?" तरी बिचाऱ्याने एका जुन्या मोठ्या प्रिंटरमधली मोटर काढून दिली. नारळाएवढी. आणि बजावलं, "ये करंट बहुत खाती है. पुराना ड्रायव्हर मत लगाना."

जुना ड्रायव्हर लावला. मी नाही, भगवानने. आणि घरी नाही, कारखान्यात, कारण त्याची सगळी हत्यारं तिथे. मी मोटर डब्याच्या पिशवीतून आत नेली. जेवणाच्या सुट्टीत भगवानने बटण दाबलं. चारही ट्रान्झिस्टर एकामागोमाग फुटाणे फुटावेत तसे फुटले आणि धूर आला. धुराने लोक आले. लोकांमुळे साहेब आले. साहेबांनी विचारलं, "ही मोटर कुठली?" मी म्हणालो, "माझी." त्यांनी विचारलं, "आत कशी आली?"

कारखान्यात वस्तू आत येताना गेटवर नोंद लागते, तरच ती बाहेर जाते. नोंद नाही म्हणजे ती वस्तू कंपनीची. हा नियम आमच्या गेटवरच्या दिनानाथला कोणी शिकवला? मी. बाहेर जाणाऱ्या मालाच्या गेटपासवर सही कोणाची लागते? माझी. आणि स्वतःच्या नावाच्या गेटपासवर स्वतः सही करायची नाही, हा नियम कोणी काढला? तोही मीच, सत्त्याऐंशी साली, एका पाइपच्या भानगडीनंतर.

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात," दिनानाथ गेटवर म्हणाला, "सख्खा भाऊ असला तरी कागद बघायचा." त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. नुसती निष्ठा होती. ते जास्त झोंबलं.

मोटर सोळा दिवस स्टोअरमध्ये पडली होती, गळ्यात 'बेवारस' अशी चिठ्ठी बांधून. मी तीन अर्ज केले. एका अर्जात "वापराचे प्रयोजन" या रकान्यात "देवीस झोका देणे" असं खरं ते लिहिलं, तर तो अर्ज सगळ्या खात्यांतून फिरून आला आणि वाटेत बऱ्याच जणांनी वाचला. कँटीनमध्ये लोक माझ्याकडे बघून पुढे-मागे डुलायला लागले. घरी मात्र माप चालू होतं. मोटर नसली तरी माईच म्हणायची, "आज मोजायचं नाही का रे?" आकडा साडेपाचशेवर गेला होता. मी रोज लिहीत होतो आणि रोज खचत होतो.

शेवटी मोटर सुटली. भगवानने नवा ड्रायव्हर केला, मोठे ट्रान्झिस्टर, पांढऱ्या विटांसारखे रेझिस्टर, आणि वर ताकीद की हे तापणार, वारा लागेल. घरात वारा देणारं काय होतं? टेबलफॅन. तो ड्रायव्हरसमोर ठेवला. तो मान डोलावत ड्रायव्हरला वारा घालू लागला. नीलिमा त्या डोलणाऱ्या मानेकडे बराच वेळ बघत राहिली.

चाचणीला माईने गौर दिली नाही. "आधी बटाट्यावर कर." गौरीच्या वजनाचा बटाटा झोपाळ्यात बसवला. विष्णुपंत चहाचा कप घेऊन समोर बसले. मी बटण दाबलं. मोटरीने साडेपाचशे ग्रॅमच्या जोराने दोरी खेचली, आणि बटाटा झोपाळ्यातून निघून सरळ विष्णुपंतांच्या कपात गेला.

"ताकद आहे हो," विष्णुपंत धोतर झटकत म्हणाले.

मग वेग कमी केला, दोरी सैल केली, आठ दिवस बटाटे बसवले. अखेर एका संध्याकाळी बटाटा तासभर संथ झुलला. माई पाटावर बसून बघत होती. "छान झुलतोय हो," ती म्हणाली, पण हात मांडीवर ठेवून अशी बसली होती, जणू तिलाच कोणीतरी पाहुणी म्हणून बोलावलंय.

तारीख ठरवताना मी शुक्रवार म्हणालो. देवीचा वार आणि कारखान्याला सुट्टीचा. नीलिमा लगेच म्हणाली, "शुक्रवारच करू." आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. ती इतक्या लगेच हो म्हणते तेव्हा काहीतरी असतं, हे मला कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी सहालाच तिने डाळ वाटली. आठला मी मोटर चालवून बघितली, ठीक. मग तिने मला वांगणीला धाडलं, तिथल्या मळ्यातला मोगरा स्वस्त आणि टपोरा असतो म्हणून. गाडी चुकली, मोगरा दुसऱ्यानेच नेला होता, तिसऱ्या मळ्यात मिळाला. घरी यायला पावणेचार झाले. बायका जमायला लागल्या होत्या. आरास मांडलेली, लाडू-करंज्या पायऱ्यांवर, मध्ये झोपाळा, त्यात गौर. मी घाम पुसत आत आलो आणि बटण दाबलं.

काही नाही. परत दाबलं. टेबलफॅनकडे पाहिलं. तोही गप्प. वरचा पंखाही गप्प. मग मला वार आठवला. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. का असते? कारण शुक्रवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा लाईन दुरुस्तीसाठी बंद ठेवतात! बारा वर्षं मी दर शुक्रवारी दुपारी ओला पंचा छातीवर टाकून बंद पंख्याखाली लोळत आलो आहे. आणि तारीख ठरवताना मला नुसती सुट्टी आठवली. सुट्टी कशामुळे, ते नाही.

"मला वाटलं तुम्ही बॅटरीवर केलंय," विष्णुपंतांच्या कुमुदिनीवहिनी म्हणाल्या. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका मोटर बघायला आल्या होत्या. वीस डोळे त्या नारळावर, आणि झोपाळा स्थिर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी अब्रू गेली त्याचं एवढं नाही. मी माईकडे बघू शकत नव्हतो. तिला मी शब्द दिला होता.

"अगं बाई, थांबलाय की," माई म्हणाली. पदर सावरून पाटावर बसली, मोटरीची दोरी सोडवली आणि झोका द्यायला लागली.

उजव्या हाताने. मुठीत दोरी धरून.

बायकांशी बोलत होती, कोणाच्या सुनेला कितवा महिना ते विचारत होती, आणि हात आपला चालला होता, तिचं तिकडे लक्षही नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेलो. नीलिमा पेल्यांत पन्हं ओतत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "आज लाईट नसते ते."

"मिक्सर चालवणाऱ्या बाईला माहीत नसेल?" तिने फडताळातून माझी वही काढून पुढ्यात ठेवली. "पहिला आकडा किती?"

"पन्नास."

"कालचा?"

"साडेआठशे."

"झोपाळा तोच ना? गौर तीच?"

मी वहीची पानं उलटली. तीन महिने रोज दहा वेळा. शंभर वेळा चेंडू दाबायला नाही म्हणणारी बाई, मुलाचं काम अडू नये म्हणून दात-ओठ खात दोरी ओढत होती, आणि मी तिच्या बोटांत परत येणाऱ्या ताकदीला झोपाळ्याचा लोड समजून उल्हासनगरच्या फेऱ्या मारत होतो.

"परवा त्यांनी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला," नीलिमा म्हणाली. "तुम्ही तेव्हा ड्रायव्हरला वारा घालत होतात."

"मग मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही मोजायचं थांबवलं असतंत. आणि त्यांनी ओढायचं." तिने माझ्या हातात पेला दिला. "प्या. चेहरा बघा कसा झालाय."

सहा वाजता लाईट आली. पंखा फिरला, टेबलफॅन मान डोलवायला लागला, ड्रायव्हरचा तांबडा दिवा लागला आणि मोटर आपली रिकामीच पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करू लागली. बायका "आली, आली" करून सरसावल्या.

"बांध रे दोरी," माई म्हणाली. हात चालूच होता. "तू एवढी खटपट केलीस, बघू दे त्यांना."

मी उठलो आणि मोटरीचं बटण बंद केलं.

"का रे?"

"लोड जास्त आहे, माई," मी म्हणालो. "मोटर पुरायची नाही."